प्रीबायोटिक द्रव्ये, मत्स्यसंवर्धनातील

संवर्धित माशांच्या खाद्यात अल्प प्रमाणात मिसळली जाणारी, माशाला स्वतःला न पचणारी परंतु त्याच्या आतड्यातील हितकारक सूक्ष्मजंतूंना अन्न म्हणून उपयोगी पडणारी द्रव्ये. यांपैकी बहुतेक द्रव्ये कार्बोहायड्रेट वर्गातील असून ती वनस्पती, यीस्ट व काही सूक्ष्मजंतू यांपासून मिळतात. खाद्याबरोबर जिवंत हितकारक सूक्ष्मजंतू दिल्यास त्यांना प्रोबायोटिके म्हणतात. प्रीबायोटिक द्रव्यांत जिवंत असे काही नसते. आतड्यात मुळातच असलेल्या सूक्ष्मजंतूंपैकी इष्ट जातींच्या वाढीस अनुकूल अन्न पुरविणे एवढेच त्यांचे मुख्य कार्य असते. दोहोंच्या एकत्रित वापरास सिन्‌बायोटिक आहार म्हणतात.

प्रीबायोटिक द्रव्ये ही औषधे नव्हेत. त्यांचा परिणाम अप्रत्यक्ष असतो आणि मासे कोणत्या पाण्यात व कोणत्या अन्नावर वाढतात यांवर तो अवलंबून असतो. ज्या जलाशयात माशांना बाहेरून खाद्य दिले जात नाही तेथे ही द्रव्ये देण्याचा प्रश्नच उद्‌भवत नाही. उलट, ज्या तळ्यात मासे सर्वस्वी दिलेल्या खाद्यावर पोसले जातात तेथे त्यांना महत्त्व येऊ शकते. महाराष्ट्राच्या अंतर्भागातील बुलढाणा जिल्ह्यात धरणांचे जलाशय व शेततळी या दोन्ही प्रकारच्या पाण्यांत मत्स्यसंवर्धन होत असल्याने हा भेद तेथे स्पष्टपणे दिसून येतो [⟶ मत्स्योद्योग].

इतिहास : आतड्यातील काही सूक्ष्मजंतू शरीरास उपकारक असतात, ही कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभी रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉव्ह यांनी मांडली. मातेच्या दुधातील काही शर्करा अर्भकाच्या आतड्यातील विशिष्ट सूक्ष्मजंतूंच्या वाढीस चालना देतात, असे १९५० नंतरच्या दशकात दिसून आले. १९८० नंतरच्या दशकात जपानमध्ये फ्रुक्टो-ऑलिगोसॅकॅराइडांचा (फ्रुक्टोज शर्करेचे थोडे रेणू एकमेकांस जोडून बनलेल्या संयुगांचा) वापर डुकरांच्या खाद्यात होऊ लागला. ‘प्रीबायोटिक’ ही संज्ञा मात्र १९९५ मध्ये जी. आर्. गिब्सन व एम्. बी. रॉबरफ्रॉइड यांनी प्रचारात आणली. २०१७ मध्ये तिची व्याख्या अधिक व्यापक करण्यात आली व ‘पोषक प्राण्याच्या सूक्ष्मजंतूंकडून निवडकपणे वापरले जाणारे व त्या प्राण्यास आरोग्यदायी ठरणारे द्रव्य’ असा तिचा आशय ठरला.

मत्स्यसंवर्धनात या द्रव्यांकडे लक्ष वेधले जाण्यास प्रतिजैव पदार्थांचा (अँटिबायॉटिकांचा) अतिरेकी वापर कारणीभूत झाला. दाटीने वाढविलेल्या माशांत रोग लवकर पसरतात म्हणून, तसेच वाढ जलद व्हावी म्हणून, खाद्यातून असे पदार्थ देण्याची प्रथा अनेक देशांत पडली होती. त्यामुळे पाण्यात व तळ्याच्या गाळात या पदार्थांना न जुमानणाऱ्या जंतूंच्या जाती निर्माण होतात आणि त्यांचा प्रतिरोधाचा गुण माणसांत रोग उत्पन्न करणाऱ्या जंतूंतही संक्रमित होऊ शकतो. यूरोपीय संघाने पशुखाद्यात वाढवर्धक म्हणून प्रतिजैव पदार्थ वापरण्यावर १ जानेवारी २००६ पासून बंदी घातली. भारतातही माशांच्या संवर्धनात काही प्रतिजैव पदार्थांच्या वापरास मनाई आहे. अशा परिस्थितीत रोग झाल्यावर जंतू मारण्यापेक्षा माशाची स्वतःची प्रतिकारक्षमता टिकविण्याचे उपाय शोधले जाऊ लागले व प्रीबायोटिक द्रव्ये हा त्यांपैकी एक होय.

माशाचे आतडे व त्यातील सूक्ष्मजंतू : मासा पाण्यात राहतो, त्याच पाण्यात उत्सर्जन करतो आणि तेच पाणी अन्नाबरोबर त्याच्या पोटात जाते. त्यामुळे जमिनीवरील प्राण्यांच्या तुलनेने त्याच्या आतड्यातील सूक्ष्मजंतूंवर सभोवतालच्या परिस्थितीचा प्रभाव अधिक असतो. शिवाय माशाच्या शरीराचे तापमान पाण्याच्या तापमानाप्रमाणे बदलत असल्याने ऋतुमानाप्रमाणे या सूक्ष्मजंतूंच्या प्रमाणातही फरक पडतो.

भारतात गोड्या पाण्यात मुख्यत्वे वाढविल्या जाणाऱ्या कटला, रोहू व मृगळ या जाती, तसेच सायप्रिनस, गवत्या व चंदेरी हे मासे कार्प गटातील आहेत. या माशांना खरे जठर नसते. घशातील दातांनी चिरडलेले अन्न सरळ आतड्यात जाते. आम्लयुक्त जठररसाने अन्नातील जंतू मरण्याची जी सोय इतर प्राण्यांत असते ती येथे नसते. रोहू व मृगळ यांसारख्या वनस्पतिजन्य अन्न खाणाऱ्या माशांचे आतडे शरीराच्या लांबीच्या कित्येक पट असते व अन्न त्यात बराच काळ राहते. त्यामुळे तेथे किण्वन (आंबण्याची क्रिया) होण्यास वाव मिळतो.

मानवाच्या आतड्यात प्रीबायोटिक द्रव्यांचा लाभ प्रामुख्याने बायफिडोबॅक्टिरियम व लॅक्टोबॅसिलस या प्रजातींतील जंतूंना मिळतो. माशांत पहिली प्रजाती क्वचितच व दुसरी बहुधा अल्प प्रमाणात आढळते. उबदार गोड्या पाण्यातील माशांत सिटोबॅक्टिरियम ही प्रजाती पुष्कळदा विपुल असून ती ब१२ जीवनसत्त्व व ॲसिटिक अम्ल तयार करते. बॅसिलस प्रजातीतील काही जाती पचनास मदत करणारी एंझाइमे (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणण्यास मदत करणारी प्रथिने) स्रवतात. याच आतड्यात एरोमोनस प्रजातीचे जंतूही निरोगी अवस्थेत आढळतात. पाणी बिघडल्यास, दाटी झाल्यास किंवा माशास इजा झाल्यास त्यांपैकी एरोमोनस हायड्रोफायला या जातीमुळे रक्तस्राव, अंगावर व्रण व पोटात पाणी साचून फुगणे यांसारखी लक्षणे असलेले रोग उद्‌भवतात. मानवासंबंधीचे निष्कर्ष माशांना जसेच्या तसे लावता येत नाहीत, याचे हे प्रमुख कारण आहे.

प्रकार : (१) फ्रुक्टोजयुक्त द्रव्ये : चिकोरीच्या मुळांत, कांद्यात, लसणात व शतावरीच्या काही जातींत आढळणारे इन्युलीन, त्याच्या आंशिक विघटनाने मिळणारी फ्रुक्टो-ऑलिगोसॅकॅराइडे आणि उसाच्या साखरेवर काही सूक्ष्मजंतूंची क्रिया घडवून मिळविलेले लेव्हान यांचा या गटात समावेश होतो. (२) मॅनान-ऑलिगोसॅकॅराइडे : ही बेकरीत वापरल्या जाणाऱ्या यीस्टच्या कोशिकाभित्तीपासून (पेशीच्या बाह्य आवरणापासून) मिळवितात. (३) गॅलॅक्टोजयुक्त द्रव्ये : दुधातील शर्करेपासून बनविलेली गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकॅराइडे आणि सोयाबीन व सरकी यांतील रॅफिनोज व स्टॅकिओज या शर्करा. (४) झायलो-ऑलिगोसॅकॅराइडे : दाणे काढून उरलेली मक्याची कणसे व तत्सम काष्ठमय पदार्थांपासून ही मिळतात. (५) बीटा-ग्लुकान : हेही यीस्ट, कवके व तृणधान्ये यांत आढळते, परंतु ते सूक्ष्मजंतूंचे पोषण करण्यापेक्षा माशाच्या प्रतिकारयंत्रणेस सरळ उत्तेजित करीत असल्याने काही शास्त्रज्ञ त्यास या वर्गात न घालता प्रतिकारउत्तेजक मानतात.

कार्यपद्धती : ही द्रव्ये तीन प्रकारे कार्य करतात. पहिल्या प्रकारात माशाच्या पाचक एंझाइमांनी न तुटलेली ऑलिगोसॅकॅराइडे आतड्याच्या पुढील भागात पोहोचतात व तेथील सूक्ष्मजंतू त्यांचे किण्वन करून ॲसिटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक ही लघुशृंखल वसाम्ले तयार करतात. त्यांमुळे आतड्यातील आम्लता काहीशी वाढून अपायकारक जंतूंना प्रतिकूल परिस्थिती निर्माण होते. ब्युटिरिक अम्ल आतड्याच्या अस्तरातील कोशिकांना ऊर्जा पुरविते. अस्तराच्या घड्या व सूक्ष्म उद्वर्ध निरोगी राहिल्यास अन्नशोषणाचे क्षेत्र वाढते.

दुसरा प्रकार मॅनान-ऑलिगोसॅकॅराइडांत आढळतो. अनेक रोगजंतू आपल्या पृष्ठभागावरील सूक्ष्म तंतूंच्या साहाय्याने आतड्याच्या अस्तरावरील मॅनोज शर्करेस चिकटतात व तेथे वसती करतात. खाद्यातून मॅनोजयुक्त द्रव्य मिळाल्यास हे जंतू अस्तराऐवजी त्या द्रव्यास चिकटतात आणि विष्ठेबरोबर बाहेर पडतात.

तिसऱ्या प्रकारात ही द्रव्ये किंवा त्यांच्या किण्वनातून निर्माण झालेले पदार्थ माशाच्या अविशिष्ट प्रतिकारयंत्रणेस जागृत ठेवतात. माशांत विशिष्ट रोगजंतूविरुद्ध प्रतिपिंडे तयार होण्याची क्रिया सावकाश होते. त्यामुळे भक्षिकोशिकांची क्रियाशीलता, श्लेष्मातील (शरीरावरील बुळबुळीत स्रावातील) लायसोझाइम यांसारखे सर्वसाधारण संरक्षक घटक त्यांच्या बाबतीत, विशेषतः लहान वयात, फार महत्त्वाचे असतात.

महाराष्ट्रातील व भारतातील संशोधन : या विषयावरील महत्त्वाचे भारतीय संशोधन मुंबईतील वर्सोवा येथील केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत झाले. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेस १९८९ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तेथील शास्त्रज्ञांनी लेव्हान या द्रव्याचा कार्प माशांच्या पिलांवर होणारा परिणाम अभ्यासला. खाद्यातून लेव्हान दिल्याने सायप्रिनसच्या पिलांची अविशिष्ट प्रतिकारक्षमता व जगण्याचे प्रमाण वाढते, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोहूच्या पिलांना लेव्हानयुक्त खाद्य देऊन नंतर एरोमोनस हायड्रोफायलाचे संक्रामण घडविण्यात आले व त्यांच्या प्रतिकारक्षमतेचे आणि ऊतकांत (समान रचनेच्या कोशिकासमूहांत) होणाऱ्या बदलांचे परीक्षण करण्यात आले. लेव्हानमुळे रोहूच्या पिलांची उष्णतेचा ताण सोसण्याची क्षमता वाढते, असा निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. विदर्भातील उन्हाळ्याच्या दृष्टीने हा निष्कर्ष विशेष लक्षणीय आहे.

भुवनेश्वरजवळील कौसल्यागंगा येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेत लसूणमिश्रित खाद्याचा रोहूच्या बोटुकलीवर प्रयोग करण्यात आला व त्यामुळे रोगप्रतिकारक्षमता वाढते असे २००७ मध्ये दाखविण्यात आले. लसणात इन्युलीन वर्गातील द्रव्यांखेरीज जंतुरोधक गंधकयुक्त संयुगेही असल्याने हा परिणाम केवळ प्रीबायोटिक क्रियेचा मानता येत नाही. वरील बहुतेक प्रयोग टाक्यांत, नियंत्रित परिस्थितीत व काही आठवड्यांच्या मुदतीत केलेले आहेत. खुल्या तळ्यात पाणी, नैसर्गिक अन्न व हवामान यांचे अनेक परिणाम एकाच वेळी घडत असल्याने तेथे तितकाच लाभ मिळेल असे गृहीत धरता येत नाही.

बुलढाणा जिल्ह्यातील परिस्थिती : बुलढाणा जिल्ह्याचा उत्तर भाग पूर्णा नदीच्या द्वारे तापीच्या खोऱ्यात मोडतो, तर दक्षिणेकडील पैनगंगा व खडकपूर्णा या नद्या गोदावरीच्या खोऱ्यातील आहेत. मोताळा तालुक्यातील नळगंगा, मेहकर तालुक्यातील पेनटाकळी व देऊळगाव राजा तालुक्यातील खडकपूर्णा हे जिल्ह्यातील मोठे जलाशय असून त्यांशिवाय मध्यम व लघू प्रकल्पांचे अनेक तलाव आहेत. जिल्ह्यातील लोणार येथील प्रसिद्ध सरोवराच्या तीव्र क्षारीय पाण्याचा सूक्ष्मजंतुशास्त्राच्या दृष्टीने पुष्कळ अभ्यास झाला आहे; मात्र ते सरोवर मत्स्यसंवर्धनाचे क्षेत्र नाही.

जलाशयांतील मासेमारी ठेक्याने दिली जाते व मच्छीमारांच्या सहकारी संस्था ती करतात. त्यांत परंपरेने हा व्यवसाय करणाऱ्या भोई समाजाचा वाटा मोठा आहे. पावसाळ्यात जलाशयात बोटुकली सोडली जाते आणि ती पाण्यातील प्लवक, शेवाळ व तळाशी साचलेला सेंद्रिय गाळ यांवर वाढते. कटला पृष्ठभागाजवळ, रोहू मधल्या थरात व मृगळ तळाशी अन्न शोधत असल्याने पाण्यातील नैसर्गिक अन्नाचा सर्व थरांतून उपयोग होतो. येथे खाद्य दिले जात नसल्याने प्रीबायोटिक द्रव्यांचा उपयोग सोडण्यापूर्वीच्या अवस्थेपुरताच, म्हणजे मत्स्यजिऱ्यापासून बोटुकली तयार करण्याच्या संगोपन तळ्यांत होऊ शकतो. मत्स्यबीज दूरवरून आणताना ते दाटी, उष्णता व ऑक्सिजनची कमतरता यांच्या ताणातून जाते. त्या काळात होणारी मरतूक हा संस्थांच्या तोट्याचा मोठा भाग असतो. म्हणून वाहतुकीपूर्वी व नंतर काही दिवस पोषक खाद्य देण्यास महत्त्व आहे. पिंजऱ्यात मासे वाढविण्याच्या पद्धतीत मात्र जलाशयातही पूर्ण खाद्य द्यावे लागते.

शेततळ्यांची स्थिती निराळी आहे. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूजल खारट असल्याने पावसाचे पाणी साठविण्यास तेथे विशेष महत्त्व आहे. राज्य शासनाने २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू केली. महामार्गाच्या भरावासाठी तलाव व नाले यांतील गाळ-मुरूम काढून जलसाठा वाढविण्याची जी पद्धत जिल्ह्यात अवलंबिली गेली, ती ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून ओळखली जाते. पाणी झिरपू नये म्हणून अनेक शेततळ्यांत प्लॅस्टिकचे अस्तर घालतात. अशा तळ्यात मातीचा तळ नसल्याने तळाशी वाढणारे जीव व सेंद्रिय गाळ यांची निपज कमी होते, मासे मुख्यतः दिलेल्या खाद्यावर अवलंबून राहतात आणि पाणी आटत जाईल तशी दाटी वाढते. प्रीबायोटिक द्रव्यांच्या वापरास जिल्ह्यात सर्वांत अधिक वाव आहे तो याच ठिकाणी. या द्रव्यांचा आणखी एक गुण स्थानिक हवामानास अनुकूल आहे : जिवंत प्रोबायोटिक जंतू ४० °से.पेक्षा अधिक तापमानात साठविल्यास त्यांपैकी पुष्कळ मरतात. प्रीबायोटिक द्रव्ये कोरडी ठेवल्यास अशा उष्णतेत सहसा खराब होत नाहीत.

स्थानिक पदार्थ : जिल्ह्यात सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा व मका ही पिके होतात आणि कांद्याच्या बीजोत्पादनासाठीही जिल्हा प्रसिद्ध आहे. यांपैकी काहींत प्रीबायोटिक स्वरूपाची द्रव्ये निसर्गतःच असतात. तरीही शेतातील पदार्थ व शुद्ध केलेले द्रव्य यांत फरक आहे. कांद्यात पाण्याचे प्रमाण ८५ टक्क्यांहून अधिक असल्याने ताज्या कांद्यातून मिळणारी मात्रा अल्प व अनिश्चित असते. सोयाबीन पेंडीत रॅफिनोज व स्टॅकिओज असतात. परंतु कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारी द्रव्येही असल्याने ते योग्य प्रकारे भाजल्याशिवाय किंवा उष्णता दिल्याशिवाय वापरणे हानिकारक असते. सरकी पेंडीतील गॉसिपॉल हे द्रव्य अधिक प्रमाणात विषारी ठरते. तात्पर्य, पेंड व कोंडा हे प्रथमतः खाद्य आहेत. त्यांतील प्रीबायोटिक अंश हा आनुषंगिक लाभ होय.

वापर : प्रयोगांत ही द्रव्ये बहुधा खाद्याच्या ०·१ ते २ टक्के प्रमाणात दिली गेली आहेत. योग्य मात्रा द्रव्य, माशाची जात, वय व पाण्याचे तापमान यांप्रमाणे बदलते. उदा., तळ्यातील माशांचे एकूण वजन ५०० किग्रॅ. असून रोजचे खाद्य त्याच्या २ टक्के असल्यास १० किग्रॅ. खाद्य लागते. त्यात ०·५ टक्का प्रमाणाने ५० ग्रॅ. द्रव्य दररोज, म्हणजे ३० दिवसांत १·५ किग्रॅ. द्रव्य लागेल. हा खर्च व त्यामुळे वाचणारे खाद्य किंवा मासे यांची तुलना केल्याशिवाय वापर फायदेशीर आहे किंवा नाही हे ठरविता येत नाही. भुकटी थोड्या कोंड्यात प्रथम मिसळून मग ती सर्व खाद्यात सारखी पसरवितात. तयार गोळी-खाद्य असल्यास भुकटी पिठाच्या पातळ खळीत कालवून गोळ्यांवर फवारतात व गोळ्या सावलीत वाळवितात. असे न केल्यास ती पाण्यात विरघळून वाया जाते. तळ्यात गूळ किंवा मळी टाकण्याच्या पद्धतीशी याची गल्लत करू नये : तिचा उद्देश पाण्यातील जंतूंची वाढ करून अमोनियाचे प्रमाण कमी करणे हा असतो, माशाच्या आतड्यातील जंतूंचे पोषण करणे हा नव्हे.

परिणाम पाहण्यासाठी एकाच वयाचे व एकाच ठिकाणचे बीज दोन सारख्या तळ्यांत सोडून एकास साधे व दुसऱ्यास प्रीबायोटिकयुक्त खाद्य देणे आवश्यक असते. दर पंधरवड्यास काही मासे जाळ्याने धरून त्यांचे सरासरी वजन, दिलेले खाद्य व मेलेल्या माशांची संख्या यांची नोंद ठेवल्यास एक किग्रॅ. वाढीस किती खाद्य लागले हे काढता येते. केवळ एका तळ्यात मासे चांगले वाढले, यावरून त्याचे श्रेय खाद्यातील द्रव्यास देता येत नाही. त्या वर्षीचा पाऊस किंवा बिजाची प्रतही त्यास कारण असू शकते.

मर्यादा व दक्षता : प्रीबायोटिक द्रव्य अधिक दिल्याने लाभ अधिक होतो असे नाही. आर्क्टिक चार या थंड पाण्यातील माशास १५ टक्के इन्युलीनयुक्त खाद्य दिले असता आतड्याच्या अस्तरातील कोशिकांना इजा झाल्याचे नॉर्वेमधील संशोधनात २००१ मध्ये दिसून आले. एकाच द्रव्याचे निरनिराळ्या जातींवर परस्परविरोधी परिणामही नोंदले गेले आहेत व काही प्रयोगांत कोणताच परिणाम आढळलेला नाही. ज्या जंतूंची वाढ इष्ट आहे ते आतड्यात मुळात नसतील, तर द्रव्य देऊनही ते निर्माण होत नाहीत. माशांवरील उवा व इतर बाह्य परजीवी, पहाटेच्या वेळी पाण्यातील ऑक्सिजन कमी होऊन होणारी मरतूक, तसेच कीटकनाशके मिसळलेले शेतातील पाणी तळ्यात शिरल्याने होणारी विषबाधा यांवर या द्रव्यांचा इलाज चालत नाही. रोगाची साथ आल्यावर ती देऊ लागणे निरुपयोगी असते. त्यांचा परिणाम होण्यास काही आठवडे लागतात.

कोणते द्रव्य, किती प्रमाणात व कोणत्या जातीसाठी हे न लिहिलेली मिश्रणे टाळणे श्रेयस्कर असते. पाण्याची प्रत, निरोगी बीज, माशांची बेताची संख्या व समतोल खाद्य या चार गोष्टी साधल्यानंतरच प्रीबायोटिक द्रव्यांचा क्रम लागतो. त्यांच्या अभावी ही द्रव्ये देणे म्हणजे आधीच अडचणीत असलेल्या संवर्धकाच्या खर्चात भर घालणे होय. त्या साधल्या असता, विशेषतः संगोपन तळी, अस्तरित शेततळी व पिंजरे यांत, प्रतिजैव पदार्थांची गरज कमी करण्याचा एक निर्धोक मार्ग म्हणून ती उपयुक्त ठरू शकतात.